ध्यान, मराठीतलं आणि हिंदीतलं

इंदुरात कचरागाडी गाणं वाजवत येते. सकाळी साडेसातच्या सुमारास ते गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की घराघरांतून ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे बाहेर निघतात. लेक सहावीत होती तेव्हा ही वेळ म्हणजे आमच्याकडे रोजची घालमेल. शाळेची बस यायला पाच मिनिटं, तिच्या एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि ती खिडकीत. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलायची नाही. पोह्यांची बशी ओट्यावर गार होत असायची, केसांची एक रिबीन बांधलेली, दुसरी लोंबत, आणि मी आतून ओरडायची, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

सासूबाई देवासमोरून उठता उठता म्हणायच्या, "काय बाई हे ध्यान!"

आणि संध्याकाळी शाळेच्या डायरीत लाल शाईनं लिहून यायचं, "ध्यान नहीं देती।"

आम्ही इंदूरकर मराठी माणसं दोन भाषांत एकदमच जगतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. घरातल्या मराठीतही 'बस येऊन राहिली आहे' असं सहज बोलून जातो. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत. पण हा 'ध्यान' शब्द मला फार उशिरा टोचला. हिंदीत ध्यान म्हणजे लक्ष. मराठीत ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणं, नाहीतर मग गबाळं, वेडंबागडं माणूस. माझी मुलगी घरात 'ध्यान' होती आणि शाळेत तिच्याकडे 'ध्यान' नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरीनं हा शब्द दोन्हीकडून ऐकला आणि दोन्हींचा अर्थ एकच लावला, की आपल्यात काहीतरी कमी आहे.

ती आता 19 वर्षांची आहे. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही. वहीचंही लिही." वहीचं पुढे येईल.

मराठीत अशा मुलांसाठी शब्द पुष्कळ आहेत. मुलगा असेल तर तो द्वाड, हूड, त्याच्या पायाला भिंगरी, त्याच्या अंगात वारं. हे शब्द नीट ऐकले तर त्यांत रागापेक्षा कौतुकच जास्त आहे. कृष्णाच्या खोड्या सांगाव्यात तसे ते सांगितले जातात. मुलीच्या वाट्याला येणारे शब्द वेगळे. वेंधळी, गबाळी, अजागळ, धांदरट. यांत कुणाला लाड सापडत असेल तर मला दाखवा. शिवाय माझी मुलगी उड्या मारत नव्हती, वर्गात कुणाला ढकलत नव्हती. ती शांत बसायची आणि मनानं निघून जायची. त्यामुळे तिला काही त्रास असेल अशी शंकाच कुणाला आली नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी मेंदूच्या वाढीतली अडचण. तिचं निदान मुलींमध्ये उशिरा होतं किंवा होतच नाही, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. जी पोर गडबड करत नाही, तिच्याबद्दल कुणी तक्रार करायला येत नाही.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "थोड़ी सख़्ती कीजिए।" आम्ही वर्षभर सख्ती केली. टीव्ही बंद. चित्रकलेचा क्लास बंद. रोज दोन तास जागेवरून न उठता अभ्यास, समोर मी. त्या वर्षानं काय दिलं ते सांगते. माझी मुलगी खोटं बोलायला शिकली. "गृहपाठ झाला?" "झाला." "वही दाखव." "शाळेत राहिली." तिला खोटं बोलायची हौस नव्हती. खोटं बोललं की निदान जेवण होईपर्यंत घरात शांतता असते, एवढं तिला कळलं होतं.

पुढे आम्हाला वाटायला लागलं की हिला ऐकू कमी येतं. हाक मारली तर ओ द्यायची नाही. कानाची तपासणी केली. तपासणाऱ्या ताईंनी आलेख दाखवला, कान अगदी उत्तम. मग त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. घाबरू नका, फक्त दाखवा." त्या ताईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

घाबरलो होतोच. इंदुरात 'बाणगंगा' म्हटलं की तिथलं सरकारी मानसिक रुग्णालय डोळ्यांपुढं येतं, आणि ते नाव भांडणात शिवीसारखं वापरलं जातं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "पोरीच्या जातीला हे नाव चिकटलं तर पुढं कसं?" हा प्रश्न त्यांनी मायेनं विचारला होता, म्हणून तर त्याला उत्तर देणं अवघड गेलं.

माझी कल्पना होती की डोक्याला तारा लावून काहीतरी यंत्रावर बघतील. तसं काहीच नसतं. एडीएचडी रक्तात दिसत नाही, स्कॅनवरून ठरत नाही. माणसांना विचारून, मुलाला बघून आणि सगळा इतिहास जुळवून ते ठरवावं लागतं. डॉक्टर आणि त्यांच्यासोबतच्या मानसशास्त्रज्ञ मॅडम, दोघांनी मिळून तीन बैठका घेतल्या. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, किमान सहा महिने टिकून आहेत का, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, झोप कशी आहे, डोळे, थायरॉईड, वाचन-लेखनाची वेगळी अडचण, घरात काही मोठा धक्का, सगळं विचारलं. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं असतात, मुलांमध्ये त्यांतली किमान सहा लागतात. चुळबूळ आणि उतावीळपणाची आणखी नऊ. आमच्या मुलीत पहिल्या यादीतली आठ निघाली, दुसरीतली दोनच.

पण माझ्या मनात कोरली गेलेली गोष्ट दुसरीच आहे. मॅडमनी शाळेच्या जुन्या डायऱ्या मागवल्या. केजीपासूनच्या सगळ्या मी जपून ठेवल्या होत्या. त्यांनी एकेक पान उलटलं. पेन्सिलीनं कुठं कुठं बारीक खूण केली. अर्ध्या तासानं डायऱ्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "इसमें इसकी तारीफ़ कहाँ है?"

मी शोधली. सात वर्षांच्या डायऱ्यांत दोन ठिकाणी सापडली. एकदा फुलांच्या रांगोळीबद्दल, एकदा हस्ताक्षराबद्दल. मग त्या म्हणाल्या, "और आपकी डायरी होती, तो उसमें?"

मी गप्प बसले.

लक्ष कमी पडत होतं ते फक्त तिचंच नव्हतं. आमचं सगळ्यांचं लक्ष तिच्या चुकांवर होतं. तिला नीट जमलं की आम्ही आपापल्या कामाला लागायचो, चुकलं की सगळं घर तिच्याकडे वळायचं. पुढची आठ वर्षं जे काही शिकले, ते या एका जाणिवेपासून शिकले.

त्या दिवशी मॅडमनी मला आणखी एक गोष्ट समजावली, आणि ती प्रत्येक आईबापाला कुणीतरी समजावायला हवी. हे वाईट वळण लावल्यानं होत नाही. टीव्हीमुळे होत नाही, साखर खाल्ल्यानं होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय की याच्या मुळाशी 70 ते 80 टक्के वाटा अनुवंशाचा असतो. 2007 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मुलांच्या मेंदूचे वर्षानुवर्षं घेतलेले स्कॅन तपासले गेले. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग बाकी मुलांत साडेसात वर्षांच्या आसपास पूर्ण जाडीला पोचतो, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या आसपास. क्रम तोच, पण जवळजवळ तीन वर्षं उशिरा. स्वतःला आवरणं, बेत आखणं, थांबणं, ही कामं ज्या पुढच्या भागाकडे असतात, तिथं हा उशीर जास्त. मॅडम म्हणाल्या, तिच्या वयातून तीन वर्षं वजा करा आणि मग ठरवा की तिच्याकडून काय अपेक्षा करायची. आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही दप्तर स्वतःहून भर म्हणून रागवाल का? शेजारी बसून भरून घ्याल ना?

मी रिक्षात बसल्यावर रडले. मुलीनं विचारलं, "आई, मी पास झाले का?"

त्यानंतर आठ शनिवार आमचे वर्ग झाले. आमचे म्हणजे आईबापांचे. मुलीवर उपचार करायला गेलो आणि वही-पेन घेऊन आम्हीच बसलो, हे नवऱ्याला सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. "दोष आपला नाही म्हणतात आणि शिकवणी आपल्यालाच लावतात." मॅडमना त्यांनी हे तोंडावर विचारलं. मॅडमचं उत्तर होतं, मधुमेहाच्या मुलाच्या आईला इंजेक्शन द्यायला शिकवतात, तेव्हा तिनं मधुमेह आणला असं कुणी म्हणत नाही. मुलगी आठवड्यातून एक तास माझ्याकडे असते, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. आणि अडचण येते ती त्या वेळात, मोजा घालताना, दप्तर भरताना, ताटावर बसताना. मदतही तिथंच पोचायला हवी.

पहिला गृहपाठ साधा होता. एका संध्याकाळी सहा ते नऊ आपण मुलीशी काय काय बोलतो ते कुणाला तरी मोजायला सांगा. थोरल्यानं, तो तेव्हा नववीत, कागदावर दोन रकाने आखले. सूचना आणि रागावणं एकीकडे, चांगलं बोलणं दुसरीकडे. रात्री त्यानं कागद माझ्यापुढं धरला. 61 आणि 3. तीनमधलं एक 'शहाणी माझी' दूध संपवल्याबद्दल होतं.

मग आली रोजची दहा मिनिटं. ही गोष्ट ऐकायला अगदी किरकोळ वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोज दहा मिनिटं मुलीसोबत बसायचं. काय करायचं ते ती ठरवणार. सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक सुधारायची नाही, काही शिकवायचं नाही. ती काय करतेय ते फक्त बघायचं आणि दिसतंय ते बोलायचं. पहिल्या दिवशी तिनं माझा बटणांचा डबा घेतला. जुन्या इंदूरच्या बायकांकडे असतो तसा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षांची बटणं. ती रांगा लावायला लागली. अर्ध्या मिनिटात माझ्या तोंडून निघालं, "मोठी आधी लाव ना." तिचा हात थांबला. मग "ही कुठल्या रंगाची गं?" पुन्हा हात थांबला. त्या दहा मिनिटांत मला सात वेळा ओठ दाबून धरावे लागले. आठवड्याभरानं मी नुसतं म्हणू शकले, "तू निळी एका ओळीत लावून राहिलीस. आता पांढरी घेतलीस." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. किती दिवसांनी हसली ते मला सांगता येणार नाही. कारण त्याआधी मी ते मोजलंच नव्हतं.

बाकीचं हळूहळू आलं. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, नजर मिळाली की एकच काम सांगायचं. 'मोजा घालतेस का?' असं विचारायचं नाही, कारण तो प्रश्न आहे, आणि त्याला 'नाही' हे उत्तर खरंच असू शकतं. 'मोजा घाल' म्हणायचं आणि मनातल्या मनात पाच अंक मोजायचे. झालं की त्याच क्षणी, नाव घेऊन सांगायचं, की तू मी एकदा म्हटल्यावर मोजा घातलास. 'गुड गर्ल' नाही. नेमकं काय केलं ते. ओट्याशेजारच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावलं आणि निघायच्या वेळेचा तुकडा स्केचपेननं लाल रंगवला. वेळ किती उरला हे या मुलांना आतून जाणवत नाही, म्हणून तो डोळ्यांना दिसावा लागतो.

चिंचोक्यांची बरणीही ठेवली. ठरलेली तीन कामं झाली की चिंचोका. पंधरा चिंचोक्यांना छप्पन दुकान या खाऊगल्लीत जायचं, थंडीत असेल तर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद. एका संध्याकाळी तिनं माझ्या ऑफिसच्या कागदांवर पाणी सांडलं आणि मी रागाच्या भरात बरणीतले सहा चिंचोके काढून घेतले. ती काही बोलली नाही. पुढचे दहा दिवस तिनं बरणीकडे पाहिलंही नाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आपकी पिछले महीने की तनख़्वाह कोई वापस ले ले तो?" मी मुलीची माफी मागितली, सहा चिंचोके परत टाकले आणि एक माझ्याकडून जास्तीचा. दर तीन-चार आठवड्यांनी बरणीचा कंटाळा येतो हेही शिकले. तो आला की बक्षीस बदलायचं, ओरडायचं नाही.

औषधाबद्दल लिहिणं टाळता येणार नाही. आम्ही ते दीड वर्ष टाळलं. 'पोरीला नशेची गोळी देणार का', असं जवळच्याच माणसानं म्हटलं होतं, आणि ते मनात रुतून बसलं. शेवटी डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो 1999 साली प्रसिद्ध झाला. 579 मुलं, 14 महिने. लक्ष आणि चंचलपणा या मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध हे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे आम्ही शनिवारी शिकलो तशा उपायांपेक्षा, जास्त परिणामकारक ठरलं. आणि दोन्ही एकत्र दिली तिथं औषधाची मात्रा कमी लागली, पालकही जास्त समाधानी होते. पुढं काही वर्षांनी त्या गटांमधला फरक पुसट होत गेला, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणजे एकदा गोळी सुरू केली आणि काम संपलं असं नाही.

शेवटी सुरू केलेलं मिथाइलफेनिडेट हे औषध कायद्यानं 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. डॉक्टर चिठ्ठी दोन प्रतींत देतात, दुकानदाराला एक स्वतःकडे दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि कुठल्याही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. दवाबाजारात तिसऱ्या दुकानात मिळालं. काउंटरवर उभी असताना मला चोरी करतेय असं वाटत होतं. आता वाटतं, एवढी नोंद ठेवली जाते हे बरंच आहे. दुपारची भूक कमी झाली. मग सकाळी भरपेट थालीपीठ आणि रात्री पुन्हा नीट जेवण, दर तीन महिन्यांनी उंची-वजन. आणि पहिल्या आठवड्यात ती शाळेतून येऊन म्हणाली, "आई, आज वर्गातला पंखा वाजत नव्हता." पंखा रोजच्यासारखाच होता. त्याआधीची सहा वर्षं तो तिच्या डोक्यात बाईंच्या आवाजाइतकाच मोठा वाजत होता, आणि आम्ही तिला म्हणत होतो, लक्ष दे.

आता नवऱ्याबद्दल. त्यांचीही परवानगी आहे. तपासणीच्या कागदांत एक पान होतं, नातेवाइकांत कुणाला असं काही आहे का. आम्ही 'नाही' लिहिलं होतं. चौथ्या शनिवारी रात्री ते टेबलाशी बसून मुलीचा फॉर्म पुन्हा वाचत होते. मी पाणी प्यायला उठले तर दोन वाजले होते. त्यांनी मुलीच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालून कोऱ्या कागदावर उत्तरं लिहिली होती. बी.कॉम.ची वाया गेलेली दोन वर्षं. तीन धंदे, तिन्हींची सुरुवात धडाक्यात. दर महिन्याला हरवणारी स्कूटरची किल्ली. माझे सासरे त्यांना मरेपर्यंत 'आरंभशूर' म्हणत, आणि पाहुण्यांसमोर म्हणत.

"हे मला आहे गं," ते म्हणाले. "मी आळशी नव्हतो."

पंचेचाळिशीतला माणूस. हा निकाल त्यांनी चाळीस वर्षं स्वतःविरुद्ध खरा मानला होता. पुढं त्यांचीही रीतसर तपासणी झाली, समुपदेशन झालं. बऱ्याच जणांत हे मोठेपणीही राहतं, फक्त पायांची चुळबूळ मनात जाऊन बसते.

सासूबाईंना हे सांगायचं की नाही यावर आम्ही आठवडा काढला. सांगितलं. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रामबागेतल्या वाड्यात याला खांबाला बांधून ठेवायची मी, पाढे होईस्तोवर. सगळेच बांधायचे. याचे होतच नसत. मग रात्री मीच सोडायची." त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून मुलीला 'ध्यान' हा शब्द आला नाही. आणि कुणी न सांगता त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं. पहाटे पूजेला बसण्याआधी नातीचे दोन्ही मोजे, सरळ करून, बुटांवर ठेवायचं. त्या गेल्या तेव्हा ती बारावीत होती. तोवर एक दिवस चुकला नाही.

थोरल्याचं राहून जातंय. घरात एका मुलाला जास्त लागतं तेव्हा दुसरा मुकाट्यानं शहाणा होतो. मॅडमनी त्याच्यासाठी मुद्दाम एक वेळ ठेवली. तो तिथं म्हणाला, "मला काही होत नाही, म्हणून मला कुणी काही विचारत नाही." त्यानंतर रविवारी सकाळी तो आणि त्याचे बाबा दोघंच पोहे-जिलेबी खायला राजवाड्यावर जायला लागले. अजूनही तो घरी आला की जातात.

शाळेबद्दल थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनासारखी शिकण्यातली अडचण, त्यांत आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. वाचन-लेखनाची वेगळी अडचण नसल्यानं आमच्या मुलीला परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला नाही. पण आठवीतल्या वर्गशिक्षिकेनं कुठल्याही कायद्याची वाट पाहिली नाही. पहिल्या बाकावर बसवलं, गृहपाठ फळ्यावर लिहून तिच्या वहीत उतरला की नाही ते बघितलं, आणि तास सुरू असताना दोनदा पाण्याची बाटली भरून आणायची मोकळीक दिली. एवढंच. डायरीतली लाल शाई थांबली.

दहावीचं वर्ष मात्र वाईट गेलं. भंवरकुआच्या बाजूला कोचिंगला घातलं, ही आमची चूक. दीडशे मुलांचा वर्ग, तीन-तीन तास, दर आठवड्याला भिंतीवर नंबर. ती परत गप्प झाली. एका रात्री तिच्या वहीत शेवटच्या पानावर मला एक वाक्य दिसलं. 'मी नसते तर सगळ्यांना वेळेवर पोचता आलं असतं.'

हात कापत होते. सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, सरळ विचारा. स्वतःला इजा करायचे, मरायचे विचार येतात का, याच शब्दांत. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट दार उघडतं. मी विचारलं. ती म्हणाली, "येतो. रोज नाही." आणि मग तासभर बोलत राहिली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, सोळा वर्षांची मुलगी. त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. कोचिंग बंद केलं. एडीएचडी असलेल्या तरुण मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. इतकी वर्षं 'तू जरा प्रयत्न कर' ऐकलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा तेव्हा नुकतीच, 10 ऑक्टोबर 2022 ला, सुरू झाली होती. 14416 हा नंबर मी फ्रिजवर चिकटवला. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. त्या चिठ्ठीकडे बोट दाखवून ती एकदा म्हणाली, "तिथं राहू दे. बरं वाटतं."

मग तिचे स्वतःचे वर्ग सुरू झाले, आमच्याशिवाय. तिथं ती मोठं काम छोट्या तुकड्यांत मोडायला शिकली, 'मी मठ्ठच आहे' असं मनात आलं की त्याला पुरावा मागायला शिकली. मला एकदा म्हणाली, "आई, मला काय करायचं ते सगळं माहीत असतं गं. ते वेळेवर माझ्या हातात येत नाही." अठरा पुस्तकं वाचून मला जे कळलं नसतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

लोक दिलासा द्यायला म्हणतात, अशी मुलं फार प्रतिभावान असतात हं. मनापासून म्हणतात, पण मला ते आवडत नाही. माझी मुलगी बऱ्यापैकी चित्रं काढते, काही थोर काढत नाही. थोर असती तरच तिला मदत मिळायला हवी होती का?

आम्हाला मदत परवडली आणि जवळ होती. शनिवारच्या पालकगटात देवासहून एक आजोबा बसनं यायचे, नातवासाठी. त्यांना अक्षरं नीट दिसत नसत, म्हणून सगळं ऐकून पाठ करून जायचे आणि पुढच्या वेळी म्हणून दाखवायचे. "पास जाना, हाथ रखना, एक ही बात बोलना।" त्यांच्या तालुक्यात हे शिकवणारं कुणी नव्हतं. खरं तर अंगणवाडीत, शाळेच्या पालकसभेत शिकवता येईल इतकं हे सोपं आहे. त्याला ना यंत्र लागतं, ना औषध.

काल रात्री कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख आज. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ती म्हणाली, "आई, बसतेस का?" हे आमचं ठरलेलं आहे. मी तिला काही सांगायचं नाही, तिच्या पडद्यात बघायचं नाही. फक्त शेजारी बसून माझं काम करायचं. कुणीतरी शेजारी असलं की तिचं मन टेबलाशी टिकतं. मी मेथी निवडायला घेतली. ती मध्येच उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. फोटो सापडेना, मग सापडला. तासाभरानं जुडी संपली, मी परात उचलायला गेले.

"उठू नकोस ना," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "अजून दोन पानं राहिलीत."

मी दुसरी जुडी सोडली.